नांगराची निशाणी

आमच्या पारनेरच्या घरात पत्र्याच्या पेटीत मोडीतला एक कर्जरोखा आहे. खाली खापरपणजोबांच्या नावापुढे सही नाही, नुसती नांगराची निशाणी. मोडी जाणणाऱ्या एका स्नेह्यांनी तो वाचून दाखवला: मुद्दल थोडं, मागच्या रोख्याचं व्याजच जास्त.

असं का, ते पुढे कळलं. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याला तीन वर्षांचं आयुष्य दिलं. हेतू कुळाला वाचवण्याचा. पण सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेऊ लागला. त्यात अमेरिकेतल्या यादवीने कापूस महागला, उधारी सैल सुटली. १८६५ला लढाई संपली, भाव कोसळले, कर्ज राहिलं. १८७५च्या उन्हाळ्यात सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा पेटला, त्याचं लोण पारनेर-श्रीगोंद्यात आलं. लोकांनी माणसं मारली नाहीत, कागद जाळले.

याच कर्जांच्या गोष्टीत पुढे महादेव गोविंद रानडे येतात. त्यांना आपण 'न्यायमूर्ती' म्हणतो ते मुंबईच्या हायकोर्टामुळे. पण तिथे ते १८९३ साली गेले, १९०१च्या जानेवारीत वारले. मला त्याआधीचे रानडे जवळचे वाटतात. १८७९ साली सरकारने संशयाने त्यांना नाशिकहून धुळ्याला हलवलं. त्याच वर्षी पुणे, नगर, सोलापूर, सातारा या चार जिल्ह्यांसाठी शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा झाला, आणि दोनच वर्षांत त्याच्या अंमलबजावणीवर रानड्यांनाच नेमलं. १८८७ला ते त्या कायद्याचे विशेष न्यायाधीश झाले.

कायद्याचा गाभा एवढाच: रोख्यावर थांबू नका, व्यवहार मुळापासून उकला. अशा बऱ्याच दाव्यांत अपील नव्हतं. खालच्या कोर्टाने निशाणी पाहून हुकूमनामा दिला, तर दप्तर मागवून चूक दुरुस्त करणारा हा फिरता न्यायाधीश. रानड्यांच्या पत्नी रमाबाईंनी त्या फिरतीबद्दल आठवणींत लिहिलं आहे. पाच-पंचवीस रुपयांच्या कज्ज्यांची दप्तरं तपासत वर्षं घालवणं ही काही मिरवायची कारकीर्द नव्हे. मोठ्या निकालांपेक्षा मला तीच मोठी वाटते.

आमचा रोखा मात्र त्याआधीचा, १८७३चा. त्यावर कुठल्याच कोर्टाचा शिक्का नाही. रोखा खरं तर सावकाराच्या दप्तरात हवा. आमच्या पेटीत आहे म्हणजे फिटला असावा, असं वडील म्हणायचे. आजीचं म्हणणं वेगळं होतं: त्या गडबडीत कुणीतरी तो सावकाराच्या ओसरीतून उचलून आणला आणि जाळायचा राहिला. न्यायमूर्तींना पटो न पटो, मी आजीच्या बाजूचा.