भिलाई : भट्टीभोवतीचे दगड

नागपूरहून हावड्याच्या दिशेने निघालेली गाडी भंडारा, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव अशी स्थानके मागे टाकत दुर्गला पोहोचते. दुर्ग सुटले की थोड्याच वेळात क्षितिजावर उंच चिमण्या दिसू लागतात. हीच भिलाई! १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्यातच होता. त्यामुळे विदर्भातल्या माणसाला छत्तीसगड फारसा परका वाटत नाही.

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत रशिया यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशभर धावणाऱ्या आगगाड्यांखालचे कितीतरी रूळ इथेच घडले. पाहुणा आला की भिलाईकर त्याला मैत्री बागेतले प्राणिसंग्रहालय दाखवतात, झाडीने भरलेल्या सेक्टरांतून फिरवतात. पण या गावाची खरी ओळख करून घ्यायची तर इथले दगड पाहावेत.

तांबडा, पांढरा आणि करडा

तांबडा दगड येतो दल्ली-राजहराच्या डोंगरांतून. भिलाईच्या दक्षिणेला सुमारे नव्वद किलोमीटरवर असलेल्या या लोहखनिजाच्या खाणींमुळेच तर कारखान्यासाठी ही जागा निवडली गेली. चुनखडी जवळच्या नंदिनी खाणीतून येते आणि डोलोमाइट बिलासपूर जिल्ह्यातल्या हिर्रीहून.

चुनखडी आणि डोलोमाइट भट्टीत कशाला, असा प्रश्न साहजिकच पडतो. लोहखनिजात वाळूसारखा सिलिकाही मिसळलेला असतो. हे दोन दगड त्या सिलिकाला आपल्याकडे ओढून घेतात आणि त्याची मळी बनते. ही मळी वितळलेल्या लोखंडावर तरंगते, म्हणून ती सहज वेगळी करता येते. पुढे तिचाही उपयोग होतो. जवळच्या जामुलच्या कारखान्यात तिच्यापासून सिमेंट तयार होते.

यांतला डोलोमाइट हा कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा दगड. सिलिकाशी त्याची ही गाठ भट्टीतच पडते असे नाही. पृथ्वीच्या पोटातही ती पडते, पण तिथे आच मंद असते आणि घाई नसते. डोलोमाइटच्या थरांत सिलिका विरघळलेले ऊन पाणी शिरले, की त्यातून नवी खनिजे जन्म घेतात. त्यांतली दोन आपल्या घरापर्यंत येऊन पोहोचली आहेत. एक शंखजिरे, म्हणजे टाल्क. दुसरे ॲस्बेस्टॉस.

सख्खी भावंडे, स्वभाव निराळे

जबलपूरजवळ भेडाघाटचे संगमरवरी कडे पाहायला गेलेले प्रवासी तिथून मऊ पांढऱ्या दगडाची छोटी गणेशमूर्ती हमखास आणतात. तो दगड शंखजिऱ्याचाच. नखानेही त्यावर ओरखडा उठतो. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर हिऱ्याला दहा गुण, तर शंखजिऱ्याला जेमतेम एक! ॲस्बेस्टॉस मात्र धाग्यांचा दगड. आंध्र प्रदेशात कडप्पा जिल्ह्यातल्या पुलिवेंदुलाजवळ डोलोमाइटच्याच थरांत तप्त शिलारस घुसला आणि तिथे या धाग्यांच्या शिरा तयार झाल्या.

गंमत अशी की, शंखजिरे आणि पांढरा ॲस्बेस्टॉस यांचे घटक एकच आहेत : मॅग्नेशियम, सिलिका आणि थोडे पाणी. फरक आहे तो मांडणीचा. शंखजिऱ्यात मॅग्नेशियमच्या थराला दोन्ही बाजूंनी सिलिकाचे थर असतात, सँडविचसारखे. दोन्हीकडचा ताण सारखा, म्हणून थर सपाट राहतो. असे थर एकमेकांवरून सहज घसरतात आणि म्हणूनच टाल्कम पावडर बोटांना इतकी मुलायम लागते. ॲस्बेस्टॉसमध्ये सिलिकाचा थर एकाच बाजूला असतो. दोन्ही थरांची मापे जुळत नाहीत, मग तो थर सुरळीच्या वडीसारखा स्वतःभोवती गुंडाळला जातो. अशा असंख्य सूक्ष्म सुरळ्या म्हणजेच ॲस्बेस्टॉसचे धागे. निळा आणि तपकिरी ॲस्बेस्टॉस यांचे कूळ वेगळे, पण धागा तोच.

शंखजिरे कागद, रंग, चिनी माती, प्लास्टिक आणि कीटकनाशके यांत वापरले जाते. शिंप्याचा कापडावर खुणा करायचा खडूही बहुधा त्याचाच. लोखंडाचे पत्रे कापणारा आणि जोडणारा कामगारही खुणा करायला शंखजिऱ्याचीच कांडी वापरतो, कारण तापलेल्या लोखंडावर साधी खूण टिकत नाही, हिची टिकते. पोलादाच्या गावात या कांडीला किती मान असेल, हे सांगायला नकोच.

आगीवरचा उपाय

ॲस्बेस्टॉसची कीर्ती त्याहून मोठी होती. जळत नाही, कुजत नाही, विणता येतो आणि स्वस्तही आहे! आगीशी रोज झुंजणाऱ्या उद्योगाला आणखी काय हवे? विसाव्या शतकात जगभरच्या पोलाद कारखान्यांत भट्ट्यांच्या दारांना त्याची दोरी बसे, वाफेच्या नळांना त्याचे वेष्टण असे आणि कामगारांच्या अंगावर त्याचे हातमोजे व अंगरखे असत. मोटारीच्या ब्रेकमध्येही तोच होता. भिलाईला तंत्रज्ञ पाठवणाऱ्या रशियात तर उरल पर्वताजवळ ‘ॲस्बेस्ट’ नावाचे खाणगावच आहे.

पण जो धागा आगीला दाद देत नाही, तो शरीरालाही दाद देत नाही. दोरी झिजली, वेष्टण फाटले की डोळ्यांना न दिसणारे तंतू हवेत उडतात. श्वासाबरोबर आत गेलेले तंतू फुप्फुसात रुतून बसतात. शरीर त्यांना विरघळवू शकत नाही. दहा, वीस, कधी चाळीस वर्षांनी दम लागू लागतो. फुप्फुसे कडक करणारा ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग आणि फुप्फुसाच्या आवरणाला होणारा मेसोथेलिओमा हे त्याचे आजार. नोकरी संपून माणूस घरी बसलेला असतो, तेव्हा हे दुखणे दार ठोठावते. पांढरा ॲस्बेस्टॉस निर्धोक असल्याचा दावा केला जाई, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्याचे सगळेच प्रकार कर्करोगकारक आहेत.

कामगाराचा श्वास

खाणीतल्या आणि भट्टीवरच्या माणसाच्या प्रकृतीचा प्रश्न या परिसराला नवा नाही. दल्ली-राजहराच्या खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली संघटना उभारली आणि १९८३ मध्ये स्वतःच्या वर्गणीतून व श्रमातून ‘शहीद रुग्णालय’ सुरू केले. नियोगींची १९९१ मध्ये भिलाईतच हत्या झाली, पण रुग्णालय टिकून राहिले.

ॲस्बेस्टॉसबाबत सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी महत्त्वाचा निकाल दिला. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगून न्यायालयाने कामगारांच्या आरोग्याची नोंद किमान ४० वर्षे जपण्याचा आदेश दिला. आजार इतक्या उशिरा उमटतो, म्हणूनच ही मुदत. जगातल्या पन्नासहून अधिक देशांनी या खनिजावर बंदी घातली आहे. आपल्याकडे खाणींना नवे परवाने देणे थांबले, तरी पत्र्यांसाठी कच्चा माल आयात होत राहिला.

भट्टीला मात्र आता पर्याय मिळाले आहेत. काचलोकर आणि सिरॅमिकचा धागा ॲस्बेस्टॉसची बरीच कामे करतात, अर्थात त्यांचीही धूळ टाळायलाच हवी. भट्टीच्या आतल्या विटांसाठी लागणारी कायनाइट, सिलिमनाइट ही उष्णता सोसणारी खनिजे आपल्या भंडारा जिल्ह्यातही सापडतात.

पत्र्याखालचे घर

छत्तीसगडच्या खेड्यांत पूर्वी कौलारू घरे असत. पुढे वस्त्यांवर, गोदामांवर, गोठ्यांवर सिमेंटचे करडे पत्रे चढले, जसे ते महाराष्ट्रातही चढले. या जुन्या पत्र्यांत साधारण दहावा हिस्सा ॲस्बेस्टॉस असतो. पत्रा धड असेतो तंतू सिमेंटमध्ये अडकलेले राहतात, तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. तो फुटला, त्याला भोक पाडले किंवा करवत लावली की धोका सुरू होतो. पत्रा काढायचाच असेल तर आधी पाण्याने भिजवावा, तोंडावर चांगला मास्क लावावा आणि पत्रा न फोडता अख्खाच उतरवावा. तुकड्यांची भर अंगणात घालू नये. मुलांना त्यांच्याशी खेळू देऊ नये.

शंखजिऱ्याबाबतही थोडी सावधगिरी हवी. निसर्गात ही भावंडे कधी कधी शेजारी नांदतात, त्यामुळे टाल्कमध्ये ॲस्बेस्टॉसची भेसळ असू शकते. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने टाल्कलाही ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा गटात घातले. तान्ह्या बाळाच्या नाकातोंडाजवळ पावडरचा डबा झटकण्याची सवय सोडलेलीच बरी.

दगड दोषी नसतो. हिर्रीचा डोलोमाइट रूळ घडवतो, भेडाघाटचे शंखजिरे देव्हाऱ्यातला गणपती होते. घातक ठरते ती धूळ, आणि तिच्याकडे काणाडोळा करण्याची सवय. पावसाळ्याआधी पत्रे बदलायला येणाऱ्या मजुराच्या हाती बादलीभर पाणी आणि एक मास्क देणे काही महाग नाही. त्याची फुप्फुसेही आपल्यासारखीच आहेत.