रडताना घेतलेलं रीडिंग

28. हा आकडा ज्यांनी लिहिला त्यांच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

लेक 30व्या आठवड्यात झाली, साडेबाराशे ग्रॅमची. एनआयसीयू, कांगारू केअर, रोजचं वजन, सगळं ओघानं आलंच. पहिल्या 30 दिवसांत डोळ्याच्या पडद्याची तपासणी करायची असते, तीही वेळेत झाली. पडदा ठीक होता.

नंतर मुलुंडच्या एका दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बुबुळ धुरकट वाटतंय, डोळ्याचं प्रेशर बघू. दुपट्यात आवळून बांधलेली लेक, डोकं धरणाऱ्या नर्स, पापण्या ताणून ठेवणारी तारेची क्लिप. ती लालबुंद होऊन किंचाळत होती आणि तशातच ते पेनासारखं यंत्र बुबुळाला टेकवलं. ''28. काचबिंदू असू शकतो. भूल देऊन बघावं लागेल.'' कागदावर उजवा 28, डावा 26. बाळ रडत होतं, क्लिप लावलेली होती, याबद्दल अक्षर नाही! नंतर फोन करून विचारलं, तर रिसेप्शनवरची बाई म्हणाली, ''मॅडम, फॉर्ममध्ये तसा रकानाच नाहीये.'' रकाना नाही म्हणून रडणंही नाही. त्या रात्री सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले.

घाटकोपरहून मेट्रोनं अंधेरीला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. या डॉक्टरबाईंनी आधीच बजावलं होतं, उपाशी आणा. तिथेच पाजायला बसवलं. पिता पिता लेक पेंगली, तसं त्यांनी बारीक टोकाचं यंत्र क्षणभर टेकवलं. सुन्न करायचे थेंबसुद्धा लागले नाहीत. 14 आणि 13. रडताना, डोळे घट्ट मिटताना, क्लिपच्या ताणानं प्रेशर चढतं, म्हणाल्या. आणि बहुतेक भुलीच्या औषधांनी ते उतरतं! मग खरं कुठलं? म्हणूनच त्यांनी बुबुळाचा व्यास मोजला, डोळ्याची नस पाहिली. नुसत्या आकड्यावर काचबिंदू ठरत नाही. कमी दिवसांच्या बाळांचं बुबुळ सुरुवातीला धुरकट असू शकतं, पुढे निवळतं.

बाळाला स्टिरॉइडचे थेंब चालू असतील तर प्रेशर कधी बघणार ते जरूर विचारा. त्यानं काहींचं वाढतं. आणि रीडिंग घेताना बाळ रडत होतं की झोपलं होतं, ते डॉक्टरांकडूनच कागदावर लिहून घ्या. मॅडम फार बोलतात म्हणतील, म्हणू देत.

आता राग आहे, पण बुबुळाकडे नीट पाहिलं ते मुलुंडच्याच डॉक्टरांनी. एनआयसीयूतून घरी सोडताना कुणी काही बोललं नव्हतं. अंधेरीच्या बाईंनी तीन महिन्यांनी परत बोलावलं, तर मी त्यांच्यावरच चिडले, ''आता कशाला?''