हुडकणारी जीभ

आम्ही हुडकेश्वरास राहावयास आलो तेव्हा नागपुरातील आमची जुनी मित्रमंडळी हसली. "प्रोफेसर, आता तुम्हांस हुडकावयाचे कोठे?" असा विनोद त्यांतील एकाने केला, आणि तो त्याने अद्यापि सोडलेला नाही. गावाच्या नावाची खरी व्युत्पत्ती काय असेल ती असो. शहराच्या दक्षिण टोकास, कालपरवापर्यंत जेथे शेते होती तेथे आता ले-आउट पडले आहेत; दोन घरांच्या मध्ये चार रिकामे भूखंड गाजरगवताने माजलेले असतात. अशा या वस्तीत पावसाळा लागला म्हणजे कोण कोणास हुडकीत असते, हे येथे बिऱ्हाड केल्यावाचून समजत नाही.

पहिल्याच आषाढात मोलकरीण ओरडत आली, "सर, जनावर निघालं जी!" मागील अंगणात भिंतीलगत सहा-सात फुटांची धामण होती. शेजारचे चार तरुण काठ्या घेऊन आले आणि त्यांनी एकवार आमच्या तोंडाकडे पाहिले. धामण बिनविषारी असते व उंदीर खाते, हे आम्हांस ठाऊक होते. १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा कायदाही ऐकून माहीत होता. आम्ही काही बोललो नाही. मौनाचा अर्थ काय होतो, हे तीस वर्षे वर्गात शिकविणाऱ्या माणसास निराळे सांगावे लागत नाही. त्या तरुणांनाही लागले नाही.

पुढील वर्षी आमच्या कोठीच्या खोलीत उंदीर माजले. एका धामणीच्या मरणाने ते माजले असे शपथेवर सांगता येणार नाही. पण माजले खरे. तांदळाचे पोते खालून कुरतडले गेले, तुरीच्या डाळीचा डबा रात्री वाजू लागला, आणि आम्ही 'उद्या पिंजरा आणू' असे म्हणत श्रावणापर्यंत दिवस लोटले.

श्रावणातील एका रात्री वीज गेली. आमची सौभाग्यवती मेणबत्ती आणावयास कोठीत गेली आणि दारातच थबकून, अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "अहो, इकडे या; पण सावकाश." विजेरीच्या उजेडात भिंतीच्या कडेने एक काळेभोर, चकचकीत अंग सरकत होते, त्यावर बारीक पांढरे आडवे पट्टे. मण्यार! पलीकडच्या खोलीत आमची पाच वर्षांची नात जमिनीवर गादी टाकून निजलेली होती. मण्यार रात्री हिंडते; तिचा दंश पुष्कळदा झोपेतच होतो आणि तो इतका कमी दुखतो की निजलेला माणूस जागाही होत नाही. सकाळपर्यंत पापण्या जड होतात, मग श्वासाचे स्नायू थकतात. मुलीस उचलून पलंगावर ठेवले, सर्पमित्रास फोन केला. "नजर ठेवा, जवळ जाऊ नका," असे त्याने बजावले. तो येईतो अर्धा तास आम्ही दारात उभे होतो. तेवढ्या वेळात आमची भीती संपली नाही, पण तिच्या शेजारी कुतूहल येऊन उभे राहिले.

तिने आमच्याकडे लक्ष दिल्याचे दिसले नाही. तोंड न उघडताच, वरच्या ओठाच्या खाचेतून तिची जीभ लवलवत बाहेर येई, जमिनीस टेके, आत जाई. पोत्यापासून निघून भिंतीच्या कडेने मोरीकडे जी वाट उंदरांनी रोजच्या येण्याजाण्याने पाडली होती, तीच वाट ती धरून होती. एके ठिकाणी वाट सुटली. तिने डोके डावीउजवीकडे फिरविले, चार वेळा जीभ लावली आणि पुन्हा नेमकी रेघेवर आली.

संस्कृतात 'द्विजिह्व' म्हणजे साप, आणि द्विजिह्व म्हणजे चहाडखोरही. महाभारताच्या आदिपर्वात सापांनी अमृताच्या आशेने दर्भ चाटले व त्यांच्या जिभा चिरल्या, अशी कथा आहे. त्या चिरलेल्या जिभेचा उपयोग कळावयास मात्र बराच काळ जावा लागला. जिभेची दोन टोके दोन निराळ्या जागांवरील गंधाचे कण उचलतात. ते तालूवरील दोन सूक्ष्म छिद्रांतून एका ज्ञानेंद्रियाकडे पोहोचतात. ल्युडविग याकोब्सन या डॅनिश शल्यवैद्याने १८१३ मध्ये इतर प्राण्यांत त्याचे वर्णन केले, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जाते. एका टोकास गंध अधिक व दुसऱ्यास उणा लागला, तर वाट कोणीकडे वळली हे कळते. १९९४ मध्ये कर्ट श्वेंक या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाने ही उपपत्ती सविस्तर मांडली. सापास आम्ही दुतोंडेपणाची जी उपमा दिली, ती त्याच्या ज्या अवयवावरून दिली तो अवयव प्रत्यक्षात दोन साक्षी ताडून पाहणाऱ्या न्यायाधीशाचा निघाला!

अमरकोशातील 'चक्षुःश्रवा', म्हणजे डोळ्यांनी ऐकणारा, हे नावही अर्धेच खरे. बाहेरचा कान सापास नाही. पण आतला कान आहे, आणि तो एका हाडाने जबड्याशी जोडलेला आहे. जबडा जमिनीस टेकला की पावलांचा कंप त्यास पोहोचतो. हवेतले खालच्या पट्टीचे आवाजही त्यास कळतात, असे अलीकडच्या प्रयोगांत दिसून आले आहे. आम्ही त्या रात्री पाय न आपटता उभे राहिलो, ते बरे केले.

उष्णतेवरून भक्ष्य ओळखण्याची विद्या मात्र मण्यारीस नाही. नाग, घोणस, फुरसे यांनाही नाही. ती चापड्यास आहे. डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये त्यास एक खळगा असतो, आणि अंशाच्या काही सहस्रांश भागाइतका फरकही त्यातील पातळ पडद्यास कळतो. अजगराच्या ओठांवरही असे खळगे असतात. २०१० मध्ये डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांना या खळग्यांतील प्रथिन सापडले. मोहरीचा झणका आपल्या नाकात ज्या प्रथिनाने कळतो, त्याचेच ते सापातील रूप. आमच्या घरी फोडणीच्या वेळी आता या गोष्टीची आठवण निघते.

घोणशीची रीत आणखी निराळी. ती दबा धरून बसते, उंदरास डसते आणि पुष्कळदा सोडून देते, कारण उंदीर चावरा असतो. तो पळून कोठेतरी मरतो. मग ती जिभेने माग काढीत जाते. अमेरिकेतील खुळखुळ्या सापावर जे प्रयोग झाले त्यांत असे आढळले की, आपण डसलेल्या उंदराची वाट आणि न डसलेल्या उंदराची वाट तो निवडून वेगळी करतो.

सर्पमित्र आला तेव्हा पाहतो तो आमचाच जुना विद्यार्थी, इंग्रजीत दोनदा नापास झालेला. त्याने मण्यार अलगद बरणीत घेतली. नंतर त्याने सापाविषयी एक शब्दही न बोलता पोते हलविले, उंदरांच्या लेंड्या दाखविल्या, मोरीच्या जाळीतील भोक दाखविले आणि विचारले, "सर, ही मुख्यतः दुसरे साप खाते, पण उंदीर-पालीही सोडत नाही. तुमच्या अंगणात पूर्वी धामण होती ना?"

आम्ही होय म्हणालो. तिचे काय झाले, हे त्याने विचारले नाही.

दुसऱ्या दिवशी जाळी बसविली, धान्य पत्र्याच्या कोठ्यांत भरले, नातीस खाट आणली. "आबा, ती जीभ दाखवून आपल्याला वेडावीत होती का?" असे तिने विचारले, जिभेच्या दोन टोकांची गोष्ट तिला आमच्या विद्यार्थ्यांपेक्षा लवकर समजली. पाऊस उघडला म्हणजे आम्ही दोघे मागील भिंतीकडे पाहत बसतो. दोन पावसाळे गेले. धामण काही पुन्हा आलेली नाही.