हुमलबेकच्या काठावर अख्खी दुपार

कोपनहेगनहून लुईझियाना म्युझियमला जायचं ठरलं, की पहिला प्रश्न वाराचा. सोमवारी ते बंद असतं. शनिवार-रविवारी सकाळी ११ ते संध्याकाळी ६ अशी वेळ असते, मंगळवार ते शुक्रवार मात्र ते रात्री १० पर्यंत उघडं राहतं. दुसरा प्रश्न उजेडाचा, आणि तो अधिक महत्त्वाचा. जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहाच्या सुमाराला मावळतो, डिसेंबरात पावणेचारच्या आतच. या म्युझियममध्ये भिंतींच्या बरोबरीने काच आहे आणि कित्येक शिल्पांच्या मागे थेट समुद्र. तिथे काय दिसणार, हे कोणत्या प्रहरी पोचलात त्यावर ठरतं. उन्हाळ्यात आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी दोन-तीनला जावं आणि बंद होईपर्यंत थांबावं. हिवाळ्यात दार उघडतानाच हजर असावं.

कोपनहेगनच्या मुख्य स्टेशनातून हेल्सिंगोरकडे जाणारी गाडी पकडली, की पस्तीसेक मिनिटांत हुमलबेक येतं. पुढे दहा-बारा मिनिटं चालायचं. गाडी उत्तरेकडे जाते ती ओरेसुंडच्या सामुद्रधुनीला समांतर. पलीकडचा किनारा स्वीडनचा. तो मुलूख, स्कोने, १६५८पर्यंत डेन्मार्कचा होता. युद्ध हरल्यावर रोस्किल्डेच्या तहात गेला. पुढे १७००च्या उन्हाळ्यात स्वीडनचा तरुण राजा बारावा चार्ल्स आपलं सैन्य घेऊन याच हुमलबेकला उतरला आणि त्याच महिन्यात डेन्मार्कला तह करून युद्धातून बाहेर पडावं लागलं. आज इतकं निवांत दिसणारं हे गाव त्या एका दिवसामुळे युरोपच्या लष्करी इतिहासात नोंदलं गेलं आहे.

मराठी वाचकाला या पाण्याशी एक धागा जोडता येईल. कोपनहेगनहून हिंदुस्थानाकडे निघालेली डॅनिश जहाजं याच सामुद्रधुनीतून उत्तरेला जाऊन मग अटलांटिकला लागत. १६२०मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाकडून डॅनिशांनी तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला ठाणं मिळवलं. त्याच शतकात तंजावर व्यंकोजी भोसल्यांकडे आलं, तेव्हा डॅनिशांचा वार्षिक खंड मराठ्यांच्या तिजोरीत जाऊ लागला.

म्युझियमचं दार बघून नवखा माणूस थबकतो. समोर असतं ते वेलींनी मढलेलं एक पांढरं, जुनं, साधं घर. अलेक्झांडर ब्रून या राजदरबारी अधिकाऱ्याने ते १८५५मध्ये बांधलं. त्याला मधमाश्या आणि फळझाडं यांचा मोठा नाद होता. त्याने तीन लग्नं केली आणि तिन्ही बायकांचं नाव लुईझ. घराचं नाव त्यावरूनच पडलं.

या घराला कलेचं दार बनवणारा माणूस चीजचा व्यापारी होता. क्नुड येन्सेनने वडिलांकडून आलेला चीजचा घाऊक धंदा १९५६मध्ये अमेरिकन क्राफ्ट कंपनीला विकला आणि तो पैसा इथे ओतला. वास्तुकार यॉर्गन बो आणि विल्हेल्म वोलर्ट यांना त्याने तीन अटी घातल्या: जुनं घर प्रवेशद्वार म्हणून राहिलं पाहिजे, एक दालन जवळच्या तळ्याकडे उघडलं पाहिजे, आणि शेवटी समुद्र व स्वीडन दिसेल असं कॉफीपानाचं ठिकाण हवं. चित्रं कुठे लावायची याबद्दल या अटींत अवाक्षर नाही. पाहणाऱ्याने कुठून शिरावं, कुठे थांबावं, कुठे बसावं, याचाच विचार त्यांत आहे. या जागेचं मोठेपण नेमकं तिथे आहे. दोघा वास्तुकारांनी आधी त्या बागेत कित्येक फेऱ्या मारल्या, झाडं कुठे आहेत ते टिपलं, आणि मग पांढऱ्या विटांच्या भिंती, लाकडी छत आणि काच यांचे लांब, बुटके पॅसेज झाडांना वळसे घालत नेले. ऑगस्ट १९५८मध्ये म्युझियम खुलं झालं.

त्या पॅसेजमधून चालताना डावी-उजवीकडे बाग सोबत असते, आणि अचानक छत वर जातं. खाली उतरत्या पायऱ्या, समोर उंच काच, काचेपलीकडे तळं. हे शिल्पकार जाकोमेत्तीचं दालन. काटकुळ्या, खडबडीत ब्राँझच्या आकृती आणि पाठीमागे पाण्यावर झुकलेल्या फांद्या. ज्याच्याकडे एकच तास आहे, त्याने तो इथे घालवावा.

जाकोमेत्ती इथे आला, त्यामागे कासेल आहे. मुळात येन्सेनला आधुनिक डॅनिश कलेचं घर उभारायचं होतं. १९५९मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात ‘डॉक्युमेंटा’ हे प्रदर्शन पाहून त्याने दिशा बदलली आणि जगभरची समकालीन कला आणायला सुरुवात केली. प्रदर्शनं आखताना तो सॉनाचं, म्हणजे गरम वाफेच्या स्नानाचं, सूत्र वापरी: लोकांना खेचून आणणाऱ्या ‘गरम’ प्रदर्शनाशेजारी एखादं अपरिचित, ‘थंड’ प्रदर्शन ठेवायचं. पिकासोसाठी आलेला माणूस भलत्याच कुणासमोर उभा राहावा, ही त्याची इच्छा होती.

बाहेरच्या हिरवळीवर हेन्री मूरची दोन तुकड्यांत पहुडलेली ब्राँझची आकृती आहे. तुकड्यांमधल्या फटीतून समुद्र दिसतो. कॅफेच्या गच्चीलगत काल्डरची रंगवलेल्या पोलादाची शिल्पं आहेत. झाडीतल्या घळीत रिचर्ड सेराने पोलादी पत्रे उभे केले आहेत, आणि ते शोधायला थोडं उतरावं लागतं. म्युझियम पुढे वाढत गेलं, पण समुद्राचं दृश्य अडवून वाढलं नाही. १९८२मध्ये दक्षिणेकडे उंच दालनं आली. १९९१चं दालन तर हिरवळीच्या पोटात, जमिनीखाली आहे. कागदावरची रेखाटनं आणि मुद्राचित्रं प्रखर उजेडात फिकी पडतात, म्हणून त्यांना भूमिगत जागा सोयीची. शिवाय याच दालनाने उत्तरेची आणि दक्षिणेची बाजू जोडली गेली, त्यामुळे आता गोल फेरी पूर्ण होते.

यायोई कुसामाच्या आरशांच्या खोलीत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, तेव्हा रांग छोटी दिसताक्षणी उभं राहावं. मुलं बरोबर असतील तर १९९४मध्ये उभारलेल्या मुलांच्या विभागाला वेळ ठेवावा. तिथे ती स्वतः रंग-माती हाताळतात.

त्याच दिवशी हेल्सिंगोरचा क्रोनबोर्ग किल्लाही करायचा असेल, तर आधी किल्ला, मग म्युझियम हा क्रम ठेवावा. किल्ला लवकर बंद होतो. शेक्सपिअरने हॅम्लेट तिथे घडवला म्हणून लोक तिथे जातात. पण त्याच्या तटावरून अवघ्या चारेक किलोमीटरवरचा स्वीडन बघताना आठवावा तो जकातीचा इतिहास. १४२९पासून १८५७पर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांकडून डॅनिश राजे इथे कर वसूल करत होते. परतीची गाडी कोपनहेगनकडेच जाते आणि वाटेत हुमलबेक लागतं. तिथे दुपारी उतरलं, तर मंगळवार ते शुक्रवार रात्री दहापर्यंत वेळच वेळ असतो.