पपांची पेटी, भाच्याची गिटार

आईच्या पहिल्या स्मृतिदिनाच्या मिस्सेला गाणी कुणी म्हणायची, एवढ्या साध्या प्रश्नावरून आमच्या घरात चार दिवस कुणी कुणाशी धड बोललं नाही, असं सांगितलं तर तुम्हाला हसू येईल. पण तुमच्या घरीही गणपतीत आरती टाळ-झांजांवर म्हणायची की स्पीकरवर लावायची, यावरून कधी ना कधी वाद झालाच असेल. आमचा वाद त्याच जातीचा होता. फक्त त्यात आई होती, म्हणून तो जास्त लागला.

आम्ही वसईचे कॅथलिक. घरात बोली, शाळेत मराठी आणि देवळातही मराठी. हो, चर्चला आमच्याकडची जुनी माणसं देऊळच म्हणतात. मिस्सा म्हणजे आमची मुख्य सामुदायिक उपासना. तिच्यात प्रवेशगीत असतं, स्तोत्र असतं, अर्पणाच्या वेळी आणि ख्रिस्तप्रसाद घेताना गाणी असतात. माझ्या पपांनी गावच्या चर्चमध्ये जवळजवळ चाळीस वर्षं पेटी वाजवली. शनिवारी संध्याकाळी आमच्या ओटीवर सराव व्हायचा. आई चहा करायची आणि पदराला हात पुसत पहिल्या रांगेत येऊन उभी राहायची. तिचा आवाज फार गोड होता असं नाही, पण ती सुरू झाली की मागच्या बायकांना धीर यायचा.

मग काही वर्षांपूर्वी तरुण मुलांचा वेगळा गट तयार झाला. की-बोर्ड आला, गिटार आली, ड्रम आले, दोन मोठे स्पीकर आले. नऊच्या मिस्सेला गर्दी वाढली. पपांना 'येऊ नका' असं कुणी म्हटलं नाही. पण 'या' असंही कुणी म्हटलं नाही. पेटी घरी आली, तिच्यावर आईने शिवलेली खोळ चढली आणि पपा सकाळी सहाच्या मिस्सेला जाऊ लागले. तिथे गाणी नसतातच.

त्या नव्या गटात गिटार वाजवणारा मुलगा म्हणजे माझा सख्खा भाचा.

मी तेव्हा भाच्याची बाजू घेतली होती. "पपा, जमाना बदललाय. मुलं देवळात येतात हे काय कमी आहे?" असं मी मुंबईहून फोनवर सहज म्हणून गेले होते. पपा काही बोलले नाहीत.

आईच्या अंत्यविधीला त्याच मुलांनी गाणी म्हटली. मनापासून म्हटली. पण पट्टी इतकी वरची आणि की-बोर्डचा ठेका इतका जोरात, की शेजारपाजारच्या बायका तोंड उघडायच्या आणि मिटायच्या. त्या रात्री पपा एवढंच म्हणाले, "तुझ्या आईला शेवटी तिच्या माणसांचा आवाज ऐकवता आला नाही."

जुन्या नियमांत डोकावले तेव्हा

वर्षभराने स्मृतिदिन जवळ आला आणि वाद पुन्हा उभा राहिला. पपा म्हणाले, "गाणी नकोत. साधी मिस्सा करा." भाचा म्हणाला, "आजीसाठी मी वाजवणारच." मी पडले पत्रकार. म्हटलं, चर्चचे नियम काय सांगतात ते तरी पाहू. दोघांपैकी एकाला गप्प करता येईल, असा माझा बेत होता.

पण तसं झालं नाही. दहावे पोप पायस यांनी १९०३ साली चर्चमधल्या संगीताविषयी नियम घालून दिले होते. त्यांत पियानो आणि ढोल, झांजांसारखी गोंगाटी वाद्यं यांना चर्चमध्ये बंदी होती. हे वाचून मला वाटलं, पपा जिंकले! पण त्याच नियमांत असंही लिहिलं होतं की, गायनवृंदात स्त्रियांना घेऊ नये. म्हणजे पहिल्या रांगेत उभी राहणारी माझी आई त्या नियमाने बाहेरच गेली असती.

हे चित्र बदललं ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने. ४ डिसेंबर १९६३ रोजी परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज जाहीर केला आणि लॅटिनच्या जोडीला लोकभाषांना वेदीपर्यंत येण्याची वाट मोकळी झाली. पपा तेव्हा अकरा वर्षांचे होते. फादरांच्या मागे उभं राहून एक अक्षर न समजता लॅटिन उत्तरं ते घडाघडा म्हणायचे. पुढच्या काही वर्षांत मिस्सा मराठीत आली, मराठी गाण्यांबरोबर पेटी आली आणि पपा पेटी शिकले.

"तेव्हा तुमचे वडील काय म्हणाले होते?" मी विचारलं.

पपा जरा ओशाळले. "म्हणाले, देवळात तमाशाची पेटी आणता? लाज नाही वाटत?"

गंमत अशी, की ही पेटी तरी कुठे आपली? ती युरोपातून आली. आकाशवाणीने तर १९४० साली तिला बाहेर काढलं होतं आणि १९७१ पर्यंत ती बंदी कायम होती. आज मात्र पेटीशिवाय भजन आपल्याला सुनंसुनं वाटतं.

भाचा हे ऐकून खूष झाला. त्यालाही मी तोच दस्तऐवज दाखवला. त्यात ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान आहे, पाइप ऑर्गनचा गौरव आहे. इतर वाद्यं चालतील, पण ती उपासनेला शोभणारी हवीत. आणि सगळ्यांत जास्त भर कशावर आहे? जमलेल्या लोकांनी समजून-उमजून भाग घेण्यावर. "तुम्ही वाजवता तेव्हा लोक गातात की ऐकतात?" मी विचारलं. तो गप्प बसला. मग म्हणाला, "आत्या, आजोबांच्या वेळी तरी सगळे गायचे का?" तेही खरंच होतं. मागच्या बाकांवरचे पुरुष तेव्हाही हाताची घडी घालूनच उभे असायचे.

वहीत शब्द होते, चाल नव्हती

वाद मिटवला तो शेवटी एका वहीने. आईच्या कपाटात तिची गाण्यांची वही सापडली. अर्पणाच्या वेळचं एक गाणं तिचं अतिशय आवडतं होतं. भाच्याने तेच वाजवायचं ठरवलं, पण वहीत नुसते शब्द होते. चाल कुठेच लिहिलेली नव्हती. ती बसवणारे मास्तर केव्हाच गेले होते. पपांच्या बरोबरीच्या गायकांपैकी दोघे-तिघेच उरले होते. त्याने इकडे तिकडे विचारून पाहिलं आणि रात्री वही घेऊन पपांच्या खोलीत गेला.

"आजोबा, ही चाल कुणाला येते?"

पपांनी वही हातात घेतली. बराच वेळ नुसती पाहत राहिले. मग म्हणाले, "ती खोळ काढ."

त्या रात्री साडेबारापर्यंत पेटी वाजत होती. दोन ओळी झाल्या की भांडण, पुन्हा दोन ओळी. "पट्टी दोन सुरांनी उतरव. बायकांनी गायचंय, तुला नाही." भाच्याने पट्टी उतरवली. मध्येच त्याने पपांना सांगितलं की, त्यांचं लाडकं 'सायलेंट नाइट' १८१८च्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातल्या ओबर्नडोर्फच्या चर्चमध्ये पहिल्यांदा गायलं गेलं, तेव्हा साथीला गिटारच होती. पपांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग त्यांनी ती हळू वाजवली असणार."

स्मृतिदिनाच्या मिस्सेला पेटी होती आणि गिटार होती. ड्रम नव्हते. अर्पणाच्या वेळी गाणं सुरू झालं तेव्हा पहिल्या दोन ओळी मुलांनीच म्हटल्या. तिसऱ्या ओळीला मागून एक थरथरता म्हातारा आवाज आला, मग दुसरा. थोड्याच वेळात उजवीकडची बायकांची बाकं गाऊ लागली. मला गाता आलं नाही. पहिल्या रांगेत आई नाही, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा पूर्ण कळलं.

सगळं गोडीगुलाबीने संपलं असं मात्र समजू नका. नऊच्या मिस्सेला ड्रम अजून वाजतात आणि पपा अजून सहालाच जातात. पण शनिवारी संध्याकाळी ओटीवर पुन्हा सराव सुरू झाला आहे. वहीत साठेक गाणी आहेत. पपा चाल सांगतात, भाचा मोबाइलवर ध्वनिमुद्रण करतो आणि सुरावट लिहून घेतो. आतापर्यंत चौदा झाली.

तुमच्याही घरात अशी एखादी वही असेल. ओव्यांची, भजनांची, हळदीच्या गाण्यांची. तिच्यात शब्द असतील. चाल मात्र कुणाच्या तरी गळ्यात असेल. ते माणूस आहे तोवर विचारून घ्या. वाद्य कोणतं, ते मागाहून ठरवता येईल.

परवा मी घरी फोन केला तर मागे पेटीचा आवाज येत होता. पपा घाईत म्हणाले, "नंतर कर. पोरगा पंधराव्या गाण्याला चुकतोय."