शेवटच्या युनिटचा हिशेब

माझा पेशा ऊर्जा लेखापरीक्षणाचा. २००१ साली ऊर्जा संवर्धन कायदा झाला, त्यातून दुसऱ्या वर्षी ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो उभा राहिला आणि आमच्यासारख्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्रं देण्याची सोय झाली. पोट भरतं ते कारखान्यांवर. बॉयलरच्या धुराड्यातून किती उष्णता वाया जाते, कॉम्प्रेसरच्या हवेच्या नळ्या कुठे कुठे फुसफुसतात, हे बघत फिरायचं. पण लग्नकार्यात भेटणारी माणसं मला बॉयलरबद्दल विचारत नाहीत. ती खिशातून मोबाइल काढतात, महावितरणच्या बिलाचा फोटो दाखवतात आणि म्हणतात, ‘‘साहेब, एवढं कसं येतं हो? आमच्याकडे तर कुणी दिवाही उगाच लावत नाही.’’

दिवा उगाच न लावणं हा आपल्याकडचा जुना संस्कार. साठ वॅटचा पिवळा बल्ब होता तेव्हा तो कामाचाही होता. २०१५ मध्ये सरकारची ‘उजाला’ योजना आली, एलईडी दिवे स्वस्त झाले आणि साठची जागा नऊ वॅटनं घेतली. आता वडील ओरडतात म्हणून मुलगा धावत जाऊन दिवा बंद करतो, तेव्हा नऊ वॅट वाचतात. नंतर तोच मुलगा हिवाळ्यात वीस लिटरची कढत बादली घेऊन न्हाणीघरात जातो. बावीस अंशांचं पाणी बेचाळीसवर न्यायला साधारण ०.४६ युनिट लागतं. तेवढ्या विजेवर तो नऊ वॅटचा दिवा पन्नास तास जळला असता. त्यानं आंघोळ करू नये असं माझं म्हणणं नाही. ओरडायचं असेल तर कुठे, एवढंच सुचवतो आहे.

बिल वाचायला शिकावं लागतं. स्थिर आकार वापरावर नसतो, काहीही वाचवा, तो तसाच राहतो. त्याखाली वीज आकार, वहन आकार, कधी इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यावर सोळा टक्के वीज शुल्क. वीज आकार टप्प्यांनी चढतो: पहिली शंभर युनिटं, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत, आणि त्यापुढे. ‘एकशे एकावं युनिट पडलं की सगळंच बिल वरच्या दरानं लागतं’ ही समजूत मी शिकलेल्या घरांतही ऐकतो. तसं नाही. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण तो चांगलाच वर असतो. वहन आकार धरला तर दुसऱ्या टप्प्याचं युनिट पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट पडतं, तिसऱ्याचं अडीचपटीच्या आसपास.

माझा सगळा हिशेब इथून सुरू होतो. घरातली बचत नेहमी वरून कापली जाते. महिन्याला ३२० युनिटं जाळणाऱ्या घरानं साठ वाचवली, तर त्यातली वीस तिसऱ्या टप्प्यातली असतात आणि चाळीस दुसऱ्या. बिलाची रक्कम भागिले युनिटं असा सरासरी दर काढून जो बचत मोजतो, त्याला ती कमी दिसते आणि तो कंटाळतो. तुमच्या शेवटच्या युनिटचा दर काय, हे बघा. आणि ज्याचं बिल शंभराच्या आतच असतं, त्याला कुणी महागडं यंत्र बचतीच्या नावाखाली विकत असेल, तर दोनदा विचार करायला सांगा.

वीज कुठे जाते हे शोधायला उपकरण आणावं लागत नाही, ते दाराबाहेर भिंतीवर असतं. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल ठिपका लुकलुकतो आणि शेजारी बारीक अक्षरांत आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२०० इम्पल्स. म्हणजे ठिपका ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. दोन लुकलुकींमधले सेकंद मोजा आणि ११२५ ला त्यानं भागा. त्या क्षणी घर किती वॅट ओढतंय ते कळतं. दहा सेकंद लागले तर साधारण ११२ वॅट. (मीटरवर १६०० असेल तर ११२५ च्या जागी २२५० घ्या.) रात्री सगळं बंद करून, फ्रिजचाही प्लग काढून, बाहेर उभं राहावं. ठिपका तरी लुकलुकत असेल तर घरात कुणीतरी जागं आहे: टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, वायफाय, इन्व्हर्टरचा चार्जर. एकेक बटण बंद करत जा, चोर सापडतो. पंचवीस-तीस वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला वीसेक युनिटं, आणि ती शेवटच्या दराची.

आता पंखा. माझ्या मते मराठी मध्यमवर्गीय घरातलं सर्वांत दुर्लक्षित यंत्र हेच. वॅट कमी म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही, पण त्याचे तास कुणी मोजत नाही. जुना साधा पंखा पूर्ण वेगात ७० ते ८० वॅट घेतो. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढीच हवा तीस-पस्तीस वॅटमध्ये देतो, कारण त्याच्या फिरत्या भागात कायमचुंबक असतात आणि जुन्या मोटरमध्ये फिरत्या भागात वीज खेळवून जी उष्णता वाया जायची, ती इथे जात नाही. पुण्याच्या ‘प्रयास’च्या ऊर्जा गटानं कार्यक्षम पंख्यांचा मुद्दा बाजारात ते सहज मिळू लागण्याच्या कितीतरी आधी लावून धरला होता. पंख्यांवर तारांकन सक्तीचं व्हायला मात्र जानेवारी २०२३ उजाडलं.

हिशेब असा. एका पंख्यामागे ४५ वॅट वाचले, दिवसाला सोळा तास, वर्षाचे तीनशे दिवस: २१६ युनिटं. दुसऱ्या टप्प्यात असाल तर वीज शुल्क धरून हे वर्षाला अडीच हजार रुपयांच्या वर जातं. पंखा तीन हजारांच्या आसपास मिळतो. पहिल्या टप्प्यातल्या घरात तोच पंखा फिटायला दुप्पट वेळ लागतो. म्हणून मी घरातले सगळे पंखे बदला असं कधीच सांगत नाही. जिथे आजी दिवसभर बसते त्या खोलीचा आणि जिथे रात्री झोपता तिथला, एवढे दोन आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच राहू द्या.

दोन अडचणी सांगून ठेवतो. हा पंखा बहुतेक रिमोटवर चालतो आणि भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मध्ये ठेवला तर कुरकुरतो. इलेक्ट्रिशियनला तो काढून थेट जोडणी द्यायला सांगा. आणि रिमोट हरवतो. एका आजींनी मला सरळ विचारलं होतं, ‘‘मध्यरात्री थंडी वाजली तर चष्मा शोधू का रिमोट?’’ रास्त प्रश्न होता. भिंतीवरच्या बटणानं वेग बदलणारे प्रकारही मिळतात, म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत तेच लावावेत.

फ्रिजबद्दल थोडक्यात. दुकानात तारका बघण्याआधी लेबलवरचा वर्षाच्या युनिटांचा आकडा आणि लेबलचं साल बघा. तारकांचे निकष अधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या सालच्या पाच तारका नव्या सालच्या तीन ठरू शकतात. मोठ्या पाच तारकांच्या फ्रिजपेक्षा लहान तीन तारकांचा कमी वीज खाऊ शकतो, हेही दुकानदार आपणहून सांगत नाही. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा. कागद सहज सरकला तर रबर बदला. आणि ‘चालतोय की अजून’ म्हणून वीस वर्षांपूर्वीचा फ्रिज मागच्या खोलीत पाण्याच्या बाटल्यांसाठी चालू ठेवणाऱ्यांनी वरची मीटरची परीक्षा एकदा त्याच्यावर करावी.

मी मूळचा जळगावकडचा, त्यामुळे उन्हाळ्याचा विषय निघाला की मला आवरत नाही. आमच्याकडची जुनी धाब्याची घरं मे महिन्यातही सुसह्य असत. लाकडी सरांवर मातीचा जाड थर, वर दरवर्षी पावसाआधी टाकलेली खारी माती. ऊन त्या थरातून उतरेपर्यंत संध्याकाळ व्हायची. मग सिमेंट आलं, पाच इंची स्लॅब आला, आणि तीच प्रगती म्हणून मिरवली. दुपारी उघड्या स्लॅबचा पृष्ठभाग साठ अंशांच्या आसपास जातो. बारा बाय बाराच्या खोलीवर एवढा तापलेला स्लॅब असेल तर ढोबळ गणितानं हजार-बाराशे वॅट उष्णता आत झिरपते, म्हणजे खोलीत एक इस्त्री सतत चालू ठेवल्यासारखं. काँक्रीट ही उष्णता उशिरा सोडतं. म्हणून रात्री आठ-नऊला, बाहेर वारा सुटलेला असताना, वरच्या मजल्यावरचा पंखा गरम हवा फेकतो आणि लोक एसीच्या दुकानाकडे वळतात.

दीड टनाचा एसी पूर्ण जोरात असताना खोलीतून सव्वापाच किलोवॅट उष्णता उपसतो. त्यातला पाचवा हिस्सा नुसता स्लॅबसाठी खर्ची पडतो. आधी स्लॅब. चुन्याचा पांढरा हात हा सर्वांत स्वस्त उपाय. पांढऱ्या पृष्ठभागाचं तापमान करड्या सिमेंटपेक्षा पंधरा-वीस अंशांनी खाली राहू शकतं. चुना एका पावसाळ्यात धुऊन जातो, म्हणून तो फेब्रुवारी-मार्चमध्ये मारायचा, दिवाळीत नाही. पैसे असतील तर छतासाठीचा परावर्तक रंग काही वर्षं टिकतो, मात्र धूळ बसली की त्याचाही जोर ओसरतो, अधूनमधून धुवावा लागतो. विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढरा चायना मोझॅक ही आपल्याकडची जुनी पद्धत गळती थांबवण्यासाठी होती, पण उष्णतेलाही ती चांगला अडसर आहे. सगळ्यात वाईट म्हणजे गळती थांबवायला अंथरलेला काळा डांबरी थर, वर काहीही न टाकता तसाच सोडलेला.

नागपूर, चंद्रपूर, जळगावच्या कोरड्या उन्हात कूलरला तोड नाही. दीडशे-दोनशे वॅटमध्ये तो खोली गार करतो, कारण काम पाण्याचं बाष्पीभवन करतं, वीज फक्त हवा ढकलते. पण समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली नुसती दमट होते. मुंबईत, कोकणात, गोव्यात त्याचा उपयोग नाही, तिथली हवा आधीच ओली. तिथे एसी घ्यावाच लागला तर २७ वर ठेवून पंखा लावा. एक अंश वर नेला की साधारण सहा टक्के वीज वाचते असं ब्युरो सांगतो. २०२० पासून तारांकित एसी चालू करताच २४ वर उघडतात तेही त्यासाठीच. लोक तरीही अठरावर नेतात. अठरा केल्यानं खोली लवकर गार होत नाही, एसी फक्त उशिरापर्यंत पळत राहतो.

जत्रेत आणि ऑनलाइनही प्लगमध्ये खोचायची एक डबी मिळते, वीज तीस-चाळीस टक्के वाचवणारी. आत बहुधा एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा असतो. तो पॉवर फॅक्टर सुधारत असेलही, पण घरगुती बिल युनिटांवर निघतं, पॉवर फॅक्टरवर नाही. वाचतं काहीच नाही, उलट हिरवा दिवा जळतो.

गच्चीवरच्या सौर उष्णजल यंत्राबद्दल मला जरा जास्तच प्रेम आहे. शंभर लिटरचं यंत्र वर्षाला दीड हजार युनिटांपर्यंत वाचवू शकतं. बोअरचं जड पाणी असेल तर तांब्याच्या नळ्यांचा संग्राहक क्षारांनी तुंबतो, तिथे काचेच्या नळ्यांचं यंत्र बरं. चार मजले उतरून पाणी येईपर्यंत एक-दोन बादल्या गार पाणी वाहून जात असेल, तर दोष यंत्राचा नाही, उघड्या नळाचा आहे. त्याला उष्णतारोधक गुंडाळी घाला.

वीज बनवणारी पॅनेलं मात्र मी शेवटी सांगतो, यावर विक्रेते माझ्यावर रागावतात. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत दोन किलोवॅटला साठ हजार आणि तीन किलोवॅट व त्यावर ७८ हजार अनुदान मिळतं. मोह पडण्यासारखंच आहे. पण आधी पंखे आणि स्लॅब हाताळले आणि ३२० चं घर २२० वर आलं, तर तीनऐवजी दोन किलोवॅट पुरतात. शिवाय पॅनेलांची सावली स्लॅबवर पडते, तिचे पैसे कुणी लावत नाही. ज्यांच्याकडे नवे टीओडी (वेळेनुसार वापर नोंदवणारे) किंवा स्मार्ट मीटर बसले आहेत, त्यांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचच्या वापराला दरात सवलत आहे. कपडे धुण्याचं यंत्र आणि पाण्याची मोटार त्या वेळात सरकवता येते, गीझर सरकत नाही, आंघोळी त्याआधी उरकलेल्या असतात.

हे सगळं घरमालकाला. भाडेकरूचं काय? अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला घरमालक सर्वांत स्वस्त पंखा लावून देतो, कारण बिल त्याला भरायचं नसतं. अशांना मी सांगतो: स्वतःचा पंखा घ्या, मालकाचा उतरवून माळ्यावर ठेवा, जाताना तो परत टांगा आणि आपला घेऊन जा. छत मात्र नेता येत नाही. गृहनिर्माण संस्थेत गच्ची सगळ्यांची असते आणि तिची उष्णता वरच्या मजल्याची. सर्वसाधारण सभेत पांढऱ्या रंगाचा विषय निघाला की पहिल्या मजल्यावरचे काका विचारतात, ‘‘आम्ही का पैसे द्यायचे?’’ या वादात पडू नका. गळतीचं काम कधी ना कधी निघतंच आणि त्याचा खर्च सगळे निमूट देतात. त्या कामाचं दरपत्रक मागवतानाच वरचा शेवटचा हात पांढरा हवा असं लिहून घ्या. कंत्राटदार सहसा वीटकरी रंग मारतो, कारण डबे तेच पडलेले असतात. पांढरा मागितला तर तोही बहुधा त्याच भावात देतो.