कोणती मंगळवार पेठ?

सोलापुरात कोणी ‘मंगळवार पेठेत या’ म्हणाले, तर ‘कोणत्या गावच्या?’ असे कोणी विचारीत नाही. मंगळवार पेठ पुण्यात आहे, कोल्हापुरातही आहे. तरी आमचे अडत नाही, कारण बोलणारा आणि ऐकणारा एकाच गावात उभे असतात. तेवढाच पत्ता लिहून पत्र परगावच्या पेटीत टाकले, की घोटाळा सुरू होतो.

पोटापाण्यासाठी डेटाबेस सांभाळणाऱ्या आम्हां मंडळींना हा घोटाळा चांगला परिचयाचा आहे. पोस्टग्रेसमध्ये तक्त्यांचे आणि फंक्शनांचे गट करता येतात. त्या गटाला स्कीमा म्हणतात. दोन स्कीमांत एकाच नावाचा तक्ता सुखाने नांदू शकतो. नुसते ‘खाते’ म्हटले, तर ते कोणत्या स्कीमांत आणि कोणत्या क्रमाने शोधायचे, हे सांगणारी यादी म्हणजे सर्च पाथ. ती यादी म्हणजेच पायाखालचे गाव.

येथील चादरींच्या एका पेढीचे हिशेब आमच्याकडे आहेत. गिऱ्हाइकांची नावे मराठी, तेलुगू, कन्नड. रोमन लिपीत एकच नाव चार तऱ्हांनी लिहिले जाते. ते एका रूपात आणणारे फंक्शन कोण्या जुन्या कारागिराने लिहिले होते, आणि एकच गिऱ्हाईक दोनदा नोंदले जाऊ नये म्हणून त्यावर युनिक इंडेक्स बांधला होता. फंक्शनच्या पोटात दुसऱ्या स्कीमातले एक फंक्शन नुसत्या नावाने हाकारलेले. वर्षानुवर्षे ते बिनबोभाट चालले.

बॅकअप नव्या यंत्रावर उतरवून पाहिला, तेव्हा नोंदी सगळ्या आल्या, बेरजा पैशापर्यंत जुळल्या; इंडेक्स मात्र बांधलाच गेला नाही. रिस्टोरने एका ओळीत तक्रार नोंदवली आणि ते पुढे निघून गेले. ही तालीम होती म्हणून निभावले. एरवी त्याच गिऱ्हाइकाची दोन खाती उघडली असती, उधारी एकात आणि जमा दुसऱ्यात पडली असती, आणि पैसे चुकते केलेल्या माणसाच्या दारी तगादा गेला असता.

असे का व्हावे? मार्च 2018 मधील सुरक्षा-दुरुस्तीपासून पीजी-डंपने काढलेली प्रत आरंभीच सर्च पाथ रिकामा करते आणि प्रत्येक वस्तूचे नाव स्कीमासह लिहिते. फंक्शनच्या पोटातला मजकूर मात्र तिच्या लेखी नुसती अक्षरे. त्यांना ती हात लावीत नाही. हा कडकपणा अकारण नाही. सामाईक स्कीमात कोणी ओळखीच्याच नावाचे खोटे फंक्शन पेरून ठेवले, तर सर्वाधिकारी वापरकर्ता ते नकळत चालवून बसे.

दुसरा धोका अधिक मुका. सर्च पाथ भूमिकेला, म्हणजे रोलला, जोडलेला असेल, तर तो एका डेटाबेसच्या प्रतीत येत नाही. पीजी-डंपऑलने सामाईक माहिती वेगळी काढावी लागते. डेटाबेसला जोडलेला असेल, तर अकराव्या आवृत्तीपासून तो पीजी-डंपच्या प्रतीत येतो, पण ‘क्रिएट’ हा पर्याय दिला तरच. तो मागे राहिला आणि सामाईक स्कीमात त्याच नावाचा जुना तक्ता पडून असला, तर चूक दाखवणारी ओळसुद्धा उमटत नाही. पत्र दुसऱ्या मंगळवार पेठेत पोहोचते, आणि तेथे ते घेणाराही भेटतो.

उपाय साधे आहेत. फंक्शनमध्ये स्कीमासह नाव लिहावे, किंवा फंक्शनलाच त्याचा सर्च पाथ बांधून द्यावा. रिस्टोर पहिल्या चुकीला थांबेल असे सांगावे. आणि तालीम कोऱ्या यंत्रावर घ्यावी. सरावाच्या यंत्रावर जुन्या सवयी मुक्कामाला असतात आणि प्रतीतली उणीव झाकून टाकतात.

घरातल्या माणसाला कोणी पूर्ण नावाने हाक मारीत नाही. त्या अर्धवटपणात आपुलकी असते, हे आम्हांस मान्य आहे. पण बॅकअप कामी येतो तो घर उरलेले नसते त्या दिवशी. तो उघडणारा कदाचित सोलापूर न पाहिलेला असेल. त्याच्यासाठी गावाचे नाव लिहून ठेवावे.